नववी खोली

आमच्या घरात आठ खोल्या आहेत, हे घर घेऊन नऊ वर्षं झाल्यावर मला कळलं. तोवर कुणी विचारलं तर ‘थ्री बेडरूम’ म्हणायचं, की विषय संपायचा.

गेल्या महिन्यात महाराष्ट्र मंडळातल्या एका मैत्रिणीचा रात्री दहाला फोन आला. “अगं, आमची टायटल फाइव्ह फेल झाली. आता काय करायचं?” आवाज असा, की मला आधी वाटलं घरात कुणाचं तरी आजारपण निघालं. टायटल फाइव्ह म्हणजे घरच्या सेप्टिकचे, म्हणजे सांडपाणी टाकीतून अंगणातच मुरवायच्या व्यवस्थेचे, सरकारी नियम; फेल म्हणजे त्यांच्या तपासणीत ती व्यवस्था निकामी ठरली. तिला दीड तास जे सांगत बसले तेच इथे तारीखवार लिहून काढते. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, बॉस्टनच्या पश्चिमेला, जिथे गटारलाइन पोचलेली नाही अशा एका छोट्या गावात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या राज्यात ३५१ गावं-शहरं आहेत आणि आरोग्याचा कारभार बहुतेक ज्याचा त्याचा वेगळा, तेव्हा तपशील थोडा इकडेतिकडे होणारच.

सुरुवात झाली ती आई-बाबांच्या खोलीपासून. एप्रिल २०२४च्या शेवटी दोघं चिपळूणहून सहा महिन्यांसाठी येणार होते. वर तीन बेडरूम: एक आमची, एक लेकीची, तिसरीत कोविडपासून नवऱ्याचं ऑफिस. म्हणून गॅरेजवरच्या माळ्यावर एक खोली काढायची असं ठरलं. सुताराने अंदाज दिला, आम्ही बांधकाम परवान्याचा अर्ज टाकला आणि चार दिवसांत तो परत आला. वर एकच ओळ: आरोग्य मंडळाची सही आणा.

खोलीचा आणि आरोग्याचा काय संबंध, असं म्हणत मी गावाच्या कचेरीत गेले. तिथल्या हेल्थ एजंट, म्हणजे आरोग्य मंडळाच्या अधिकारी बाईंनी शांतपणे विचारलं, “घरात एकूण खोल्या किती?” मी बोटांवर मोजल्या. स्वयंपाकघर, जेवणाची, दिवाणखाना, फॅमिली रूम, अभ्यासाची, तीन बेडरूम. बाथरूम, बोळ, कच्चं तळघर धरायचे नाहीत. आठ. “म्हणजे ही नववी,” त्या म्हणाल्या.

राज्याचा नियम असा आहे. आठच्या वर खोल्या झाल्या की त्यांची बेरीज करून दोनाने भागायचं, पूर्णांक ठेवायचा, आणि तेवढ्या बेडरूम आहेत असं गृहीत धरायचं. नऊ भागिले दोन, चार. तुम्ही त्या खोलीत देवघर करा नाहीतर लोणच्याच्या बरण्या ठेवा, कागदावर चार बेडरूम. आणि दर बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन सांडपाणी धरतात. आमची टाकी आणि तिच्यामागचं सगळं तीन बेडरूमचं, म्हणजे ३३० गॅलनचं. आपल्या हिशोबात रोजचं साडेबाराशे लिटर.

हे सगळं ज्या नियमावलीत आहे तिला इथे सगळेच टायटल फाइव्ह म्हणतात. नियम राज्याचे, पण अंमलबजावणी गावाच्या आरोग्य मंडळाकडे. घर विकताना विक्रीच्या आधीच्या दोन वर्षांत सेप्टिकची तपासणी झालेली असावी लागते (दर वर्षी टाकी उपसल्याच्या पावत्या असतील तर तीन वर्षं चालते), त्यामुळे बहुतेकांची गाठ या प्रकरणाशी घर विकताना पडते. आमची खोली वाढवताना पडली.

तपासणीची तारीख मिळाली १४ मे. फी ६५० डॉलर, टाकी उपसायचे ३७५ वेगळे. तपासनीस आला, त्याने लोखंडी सळई जमिनीत खुपसत खुपसत टाकीचं झाकण शोधलं, फावड्याने फूटभर माती काढली आणि झाकण उचललं. वास आला, पण मी धरून चालले होते तितका नाही. बाबा माझ्या शेजारी उभे. आल्याला तीनच आठवडे झाले होते, झोपेचं वेळापत्रक अजून लागलं नव्हतं, आणि करमणूक म्हणावी तर हीच. जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं ओव्हरसिअर म्हणून काढलेली, त्यामुळे खड्डा दिसला की पाय थांबणार. तपासनिसाने काठीने वरची साय ढकलून पाहिली आणि मला विचारलं, “तुमच्याकडे तळण बरंच होतं का?” टाकीत वर तेला-तुपाचा जो थर जमतो तो चांगला हातभर जाड होता. मी दिवाळीच्या चकल्यांचं उरलेलं तेल कुठे ओतलं होतं ते आठवून गप्प बसले. सिंकखाली कचरा दळायचं यंत्रही होतं. त्यात नऊ वर्षं भाताची शितं, डाळीचा गाळ, कोथिंबिरीच्या काड्या, सगळं जात होतं. सेप्टिक असलेल्या घरात ते यंत्र म्हणजे टाकीला रोजचं जास्तीचं जेवण. घर घेताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगते आहे.

पण फेल झालो ते टाकीमुळे नाही. टाकीनंतर डी-बॉक्स नावाची सिमेंटची एक छोटी पेटी असते. तिच्यातून पाणी लीच फील्डच्या नळ्यांमध्ये वाटलं जातं. लीच फील्ड म्हणजे आपल्या शोषखड्ड्याचंच ऐसपैस भावंड: गवताखाली नळ्या, खडी आणि माती. पेटीतलं पाणी बाहेर जाणाऱ्या नळीच्या तळाच्या पातळीला असायला हवं. आमच्या पेटीत ते नळीच्या वर चढून उभं होतं. जमीन पाणी पीत नव्हती. तपासनिसाने फोटो काढला, डोकं हलवलं, आणि बाबा मराठीत म्हणाले, “गच्च झालंय.”

तपासणीचा अहवाल तपासनिसाला तीस दिवसांत आरोग्य मंडळाकडे पाठवावाच लागतो, म्हणजे ‘आपण आपापसात बघू’ हा मार्ग नाही. ३० मेला मंडळाचं पत्र आलं. आमची व्यवस्था निकामी ठरली आहे, दोन वर्षांच्या आत ती बदलायची. पाणी वर येऊन अंगणात पसरलं किंवा घरात उलटलं तर मात्र ही मुदत लागू नाही, लगेच करावं लागेल. त्या रात्री मी इंटरनेटवर किमती बघत दोन वाजेपर्यंत जागी होते. तुम्ही तसं करू नका. तिथे वीस हजारांपासून लाखापर्यंतचे सगळे आकडे सापडतात आणि त्यांतला एकही तुमच्या अंगणाचा नसतो.

त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी जे केलं ते सुरुवातीलाच करायला हवं होतं. आरोग्य मंडळाच्या कचेरीत प्रत्येक घराची फाइल असते आणि ती कुणालाही बघायला मिळते. आमची मागितली, दहा मिनिटांत टेबलावर आली. घर १९७४चं. हाताने काढलेला एक नकाशा, हजार गॅलनची टाकी, आणि खाली शेजारच्या घराच्या विहिरीची एक नोंद. ती विहीर नंतर खोदलेली, आमच्या जुन्या लीच फील्डपासून ८४ फुटांवर. आज नवी व्यवस्था टाकायची तर खाजगी विहिरीपासून १०० फूट अंतर लागतं. मी ते वाचलं आणि शेजारच्या आजींचा चेहरा डोळ्यांसमोर आला. इथे नळाला गावाचं पाणी नाही, ज्याची त्याची बोअर. म्हणजे नऊ वर्षं आम्ही त्यांना दिवाळीचा फराळ नेऊन देत होतो, आणि आमच्या टाकीचं पाणी मात्र त्यांच्या विहिरीच्या दिशेने चाललं होतं.

जूनचा सगळा महिना इंजिनियर शोधण्यात गेला. तिघांना फोन केले. एकाने उचललाच नाही, दुसऱ्याने सप्टेंबर सांगितला, तिसरा मिळाला ५,२०० डॉलरला, मोजणी आणि नकाशा धरून. मातीची परीक्षा आरोग्य मंडळाच्या माणसासमोरच व्हावी लागते, त्यामुळे एजंटची, इंजिनियरची आणि खोदणाऱ्याची तारीख एका दिवशी जुळायला हवी. जुळली ती २३ जुलैला. गावाची फी ४००, जेसीबीसारखं छोटं यंत्र आणि चालक अर्ध्या दिवसाचे ९००.

हा दिवस मला पूर्ण आठवतो. मागच्या अंगणात दोन खोल चर मारले, माणूस आत उभा राहील एवढे. न्यू इंग्लंडची जमीन हिमनद्यांनी आणून टाकलेली, फावडं मारलं की धोंडा. इंजिनियर चरात उतरला, भिंतीचा एक एक थर चाकूने खरवडून, हातात घेऊन, थोडं पाणी शिंपडून, अंगठा आणि बोटाच्या मध्ये त्याची पट्टी करत होता. पट्टी किती लांब होते त्यावरून चिकणमाती किती ते ठरतं. वर काळी माती, खाली पिवळट रेताड, त्याच्याखाली करडी. करड्या थरात गंजासारखे तांबूस ठिपके होते. बाबा चराच्या काठावर उकिडवे बसले होते. ते मला म्हणाले, “विचार त्याला, पावसाळ्यात पाणी इथपर्यंत येतं ना?” मी विचारलं. इंजिनियरने मान वर करून बाबांकडे बघितलं आणि विचारलं, हे काय करतात? त्यानंतर तासभर तो प्रत्येक थर बाबांच्या हातात देत होता. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, आणि माझं दुभाष्याचं काम जवळजवळ संपलं होतं. बाबांनी जांभ्यात पाणी कसं झिरपतं ते हातवारे करून सांगितलं, त्याने ते वहीत लिहून घेतलं की नुसतं तसं दाखवलं, माहीत नाही.

ते तांबूस ठिपके म्हणजे भूजलाची वर्षातली सर्वांत वरची खूण. पाणी चढतं, उतरतं, आणि मातीतल्या लोखंडाला गंज चढतो. जुलैत चर कोरडा असला तरी माती खोटं बोलत नाही. आमच्याकडे ती खूण ५२ इंचांवर निघाली. लीच फील्डचा तळ त्या खुणेच्या वर निदान चार फूट, म्हणजे ४८ इंच हवा. राहिले चार इंच. थोडक्यात सगळं जमिनीच्या वर, वाळूचा भराव टाकून.

मग पर्क टेस्ट, म्हणजे जमीन पाणी किती वेगाने पिते ते मोजायचं. एका खड्ड्याच्या तळाशी बारा इंच खोल गोल भोक, त्यात पाणी भरून पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, आणि मग घड्याळ लावून बसायचं. बारा इंचांवरून नऊला यायला किती वेळ, नवावरून सहाला किती. बारा ते नऊ पंधरा मिनिटं. नऊ ते सहा चोवीस. तीन इंचांना चोवीस, म्हणजे इंचाला आठ मिनिटं. आईने वरून सगळ्यांना लिंबू सरबत पाठवलं. एजंट बाईंनी घेतलं नाही, बाटलीतलं आपलं पाणी प्यायल्या. लाच नको म्हणून की साखर नको म्हणून, विचारायचं धाडस झालं नाही. इंचाला आठ मिनिटं हा निकाल चांगला आहे, असं जाता जाता त्याच म्हणाल्या. त्या उन्हाळ्यातली ती पहिली चांगली बातमी.

नकाशा यायला सप्टेंबर उजाडला. इंजिनियरने नवं लीच फील्ड कागदावर अंगणात सगळीकडे हलवून पाहिलं: घराच्या तळघरापासून वीस फूट, हद्दीपासून दहा, मागे ओढ्यालगतच्या पाणथळीपासून पन्नास, आमच्या विहिरीपासून शंभर. एवढं सांभाळून आजींच्या विहिरीपासून जास्तीत जास्त ९२ फूट निघत होते. आठ फूट कमी. ती सूट मंडळाकडे मागायची. भरावाचा खर्च वाचावा म्हणून भूजलाच्या अंतरातही एक फुटाची सूट मागू या का, असं नवऱ्याने विचारलं. इंजिनियर नाही म्हणाला. जिथे वाळू टाकून प्रश्न सुटतो तिथे सूट मागू नका, जिथे दुसरा इलाजच नाही तिथे मागा. मला हे पटलं आणि नंतर सुनावणीत त्याचा उपयोगही झाला. अशी सूट घ्यायची तर सांडपाण्याचा भार वाढवता येत नाही, म्हणजे चौथी बेडरूम बाद. आई-बाबांच्या खोलीचं प्रकरण तिथेच मिटलं असं आम्ही धरून चाललो.

पाणथळ शंभर फुटांच्या आत असल्याने संवर्धन समितीकडेही एक अर्ज गेला. तो एका बैठकीत सुटला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता माझी चूक. हद्दीच्या किंवा खाजगी विहिरीच्या अंतरात सूट हवी असेल तर ज्यांना ते लागू होतं त्या शेजाऱ्यांना अर्जदाराने स्वखर्चाने सर्टिफाइड टपालाने कळवायचं असतं, सुनावणीच्या निदान दहा दिवस आधी. आमची सुनावणी ८ ऑक्टोबरला. नकाशाच्या अंतिम प्रती शुक्रवारी संध्याकाळी हातात आल्या, आणि चार पत्रं मी सोमवारी, ३० सप्टेंबरला टाकली. आठ दिवस. मला वाटलं, चालतं. ८ तारखेला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, पाच वाजल्यापासून सोफ्यावर तयार बसले होते. त्यांना ती सुनावणी बघायचीच होती. साडेपाचला एजंटचा फोन आला: दहा दिवस पुरे होत नाहीत, विषय पुढच्या बैठकीत, १२ नोव्हेंबरला. आई-बाबांचं परतीचं विमान २० ऑक्टोबरचं. बाबांनी शर्ट बदलला आणि म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं. आमच्याकडे नोटीस न पोचता सभा झाली की कोर्टात जायची.” ते असं म्हणाले म्हणून मला जास्त लागलं. पत्रं पुन्हा पाठवली. दर खेपेला चाळीस डॉलर. पोचपावतीची हिरवी कार्डं जपून ठेवा, ती सुनावणीत दाखवावी लागतात.

त्या मधल्या महिन्यात मी एकच शहाणपणाचं काम केलं. सरकारी पत्राच्या भरवशावर न राहता नकाशा घेऊन शेजारच्या आजींकडे गेले. त्या दारातच म्हणाल्या, “मी येणार आहे, आणि मी बोलणार आहे.” मी म्हटलं, जरूर बोला. जुनं ८४ फूट आणि नवं ९२ फूट दोन्ही त्यांना नकाशावर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं, चहा दिला, आणि मत काही बदललं नाही.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळी सात, टाउन हॉलचं तळघर. मंडळावर तिघं, निवडून आलेले, दिवसा आपापली कामं करून रात्री हे करणारे. एक निवृत्त नर्स, एक प्लंबर, एकजण शाळेत शिकवणारा. न्यायालयासारखं काही असेल असं मनात धरून गेले होते. तिथे घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचा थर्मास. आपल्या ग्रामसभेची आठवण यावी असं, फक्त कुणी ओरडत नव्हतं. आमच्या आधी एका भाड्याच्या घराचा विषय होता. भाडेकरूंच्या घरात हीटिंग नीट चालत नव्हतं, मालक म्हणत होता ब्लँकेट आहेत ना. थंडीच्या मोसमात दिवसा ६८ अंश फॅरनहाइट आणि रात्री ६४ ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. मंडळाने त्याचं म्हणणं पूर्ण ऐकलं आणि दुरुस्तीचा आदेश कायम ठेवला. त्या मालकाचं बोलणं ऐकताना माझी बाजू मलाच जरा बरी वाटू लागली.

आमच्या इंजिनियरने पाच मिनिटांत मांडलं. मग आजी उठल्या. हातात फाइल, विहिरीच्या पाण्याचे इतक्या वर्षांचे अहवाल तारखेप्रमाणे लावलेले. त्यांचा प्रश्न एकच होता: “माझं पाणी बिघडलं तर पैसे कोण देणार?” सभागृहात कुणाकडेच त्याचं चटकन उत्तर नव्हतं. नर्सबाईंनी अहवाल मागून घेतले, पानं उलटली, नायट्रेटचा आकडा वाचला. पिण्याच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर तो जाता कामा नये, विशेषतः घरात तान्हं मूल असेल तर. आजींचा बराच खाली होता, पण गेल्या काही वर्षांत हळूहळू चढत आलेला. तो आमचा असेल, त्यांच्या स्वतःच्या टाकीचा असेल, मागच्या शेतातल्या खताचा असेल. कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही. प्लंबरने विचारलं, “भूजलाचे चार फूट पूर्ण ठेवलेत ना?” इंजिनियर हो म्हणाला. “मग अंतर वाढतंय आणि गाळणारी मातीही वाढतेय. आत्ता आहे त्यापेक्षा हे बरंच आहे.”

तिघांनी हात वर केले. मंजूर, अटींसह. आजींच्या आणि आमच्या विहिरीच्या पाण्याची तपासणी कामाआधी एकदा आणि नंतर तीन वर्षं दर वर्षी, आमच्या खर्चाने, अहवाल मंडळाकडे. कचरा दळायचं यंत्र काढायचं. आणि घराच्या खरेदीखताला जोडून नोंद करायची, की या घरात तीनपेक्षा जास्त बेडरूम असणार नाहीत. ही शेवटची अट ऐकताना एजंट बाई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, “ही नोंद झाली की तुमची नववी खोली करता येईल. फक्त तिची बेडरूम करायची नाही.” खोल्यांचा भागाकार हा नुसता अंदाज असतो. बेडरूमची संख्या खतात बांधून दिली की नियमच त्या अंदाजाच्या जागी ती संख्या धरू देतो. हे मला एप्रिलमध्ये कळलं असतं तर, असा विचार आलाच. पण लीच फील्ड गच्च झालेलं काही टळलं नसतं.

वकिलाचे ४०० आणि नोंदणीचे १०५ डॉलर भरून नोंद डिसेंबरमध्ये झाली. तोवर जमीन गोठली. खोदकाम करणारे सगळे एकच म्हणाले: एप्रिल.

तो हिवाळा अवघड गेला. टाकी भरू द्यायची नाही म्हणून तीन वेळा उपसली, दर वेळी ३७५. कपडे आठवड्यातून एकदा लाँड्रोमॅटला. अंघोळी मोजून. संक्रांतीचं हळदीकुंकू गेली सहा वर्षं आमच्याकडे होत आलेलं, तीसेक बायका येतात, आणि तीस बायका म्हणजे तीस वेळा फ्लश. ते एका मैत्रिणीकडे हलवलं. कारण सांगताना लाज वाटली, पण सांगितल्यावर तिथल्या तिथे चारजणींनी आपापल्या टाक्यांच्या कहाण्या सुरू केल्या. तिळगूळ घेता घेता लीच फील्डची चर्चा.

तीन दरपत्रकं आली: ३८,५००, ४३,०००, ५२,०००. सर्वांत कमी म्हणून नाही, पण वाळू कुठल्या खाणीतून येणार आणि ती चाळून तपासलेली आहे का, याचं उत्तर ज्याने न चिडता दिलं त्याला काम दिलं. तो नेमका स्वस्तही निघाला. खोदण्याआधी ८११वर कळवून ७२ तास थांबावं लागतं, म्हणजे गॅसच्या, विजेच्या लाइनी रंगाने आखून जातात. ते कंत्राटदाराचं काम, तरी झालं का ते विचारा.

२२ एप्रिल २०२५ला यंत्रं आली. पाच दिवस अंगण म्हणजे धरणाचं काम. दीड हजार गॅलनची नवी टाकी क्रेनने उतरली, तिच्यामागे पंपाची टाकी, कारण भराव वर आहे आणि पाणी आपण होऊन चढत नाही. ट्रकमागून ट्रक वाळू. चौथ्या दिवशी सगळं उघडं असताना एजंट आणि इंजिनियर तपासून गेले. माती टाकण्याआधी भरपूर फोटो काढून ठेवा, नंतर गवताखाली काय आहे ते कुणालाच आठवत नाही. मी रोज संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉल लावून फोन चरावर धरायचे. “पायाखालची खडी धुतलेली आहे का?” तिकडे पहाटेचे साडेचार.

९ मेला पूर्ततेचा दाखला आला. साधा एक कागद. सगळा खर्च धरून बेरीज साडेएकोणपन्नास हजारांच्या आसपास गेली, त्यात नंतरचं गवत १,४००. राज्याच्या आयकरात यासाठी सवलत आहे, ती २०२३ पासून वाढली: राहत्या घराची निकामी ठरलेली व्यवस्था बदलली तर ३०,००० पर्यंतच्या खर्चाच्या ६० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १८,०००, पण एका वर्षाला ४,०००च. कर भरताना ‘शेड्यूल एससी’ नावाचा फॉर्म जोडायचा. मंडळाचं पत्र, दाखला आणि सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेवा. काही गावं कमी व्याजाने कर्जही देतात, ते घरपट्टीच्या बिलातून वीस वर्षांपर्यंत फेडता येतं. आम्ही निम्म्या रकमेचं घेतलं.

गॅरेजवरची खोली जुलैत झाली. तिला दार नाही, नुसती रुंद कमान. तिथे नवऱ्याचं टेबल गेलं आणि तिसरी बेडरूम आई-बाबांसाठी मोकळी झाली. ते ऑगस्टमध्ये पुन्हा आले. आजींच्या पाण्याचा कामाआधीचा अहवाल आणि आमचा, दोन्ही मी स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत, शेजारी काम झाल्यानंतरचा नकाशा. त्यात टाकीची झाकणं घराच्या दोन कोपऱ्यांपासून किती फुटांवर आहेत ते लिहिलेलं असतं, म्हणजे पुन्हा सळई खुपसायला नको. बाबांनी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद काढून घेतला, गॅरेजमधली टेप शोधली आणि टेपचं एक टोक मला कोपऱ्यात धरायला लावलं. दवाने पायजमा घोट्यापर्यंत भिजला होता. तिन्ही झाकणं मोजून झाल्यावर खिशातलं पेन काढून त्यांनी नकाशावर एक आकडा खोडला.

“मधलं दोन इंच चुकलंय,” ते म्हणाले.